कॉम्प्युटरचा वास, कार्डाची चव

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखे आपोआप जमतात. एक काढायला जावं तर मागच्या चार अंगावर येतात.

मागे आमच्या कारखान्यात एका पाहुण्यांचं भाषण झालं. सूट, टाय, फळ्यावर दाखवायला लांब काठी. ते म्हणाले, "पुढच्या काळात माणूस कॉम्प्युटरशी नुसत्या डोळ्यांनी व्यवहार करणार नाही. स्पर्श, वास, इतकंच काय, चवसुद्धा वापरेल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी विजया बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या?"

मग आम्हा दोघींना हसू आवरेना. पुढच्या रांगेतले साहेब वळून बघायला लागले, तेव्हा तोंडाला पदर लावावा लागला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये आम्ही एकेक बरणी खाली काढली.

*

आधी आमची जागा सांगते. कारखाना सातपूरला. सत्तरच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खास खोली बांधली होती. काचेची भिंत, गार हवा, दाराला दुहेरी कुलूप. आम्ही माणसं मे महिन्यात पत्र्याखाली शिजायचो आणि तो आत गारव्यात बसायचा. साहेबाला तेवढी बडदास्त नव्हती.

काचेच्या अलीकडे आमची पंचरूम. कॉम्प्युटरला काय सांगायचं ते आधी जाड कार्डांवर भोकं पाडून लिहायला लागायचं. एका कामगाराचा महिन्याचा पगार म्हणजे एक कार्ड. भोकं पाडायची मशीनं आमच्याकडे, आणि ती चालवायला आम्ही तिघी. मी कुमुद, ही विजया, आणि शकुताई देवरे.

शकुताई सटाण्याकडची. नवरा आमच्याच मशीनशॉपमध्ये होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी हिला टेंपररी घेतलं. लग्नाआधी टायपिंग शिकलेली होती म्हणून पंचरूममध्ये आली. कायम करायचं तर परीक्षा, आणि परीक्षा कधी, तर वरून ऑर्डर आली की. तोवर मुदत संपायची आणि वाढायची. मुदत संपत आली की शकुताईचा डबा तसाच परत जायचा. पंचवटीत दोन खोल्या, दोन मुलं आणि सासू, आणि सगळी भिस्त या नोकरीवर.

पण बोटं शकुताईचीच! ती बटणांकडे कधी बघायचीच नाही. डोळे कागदावर, बोटं आपली आपण चालतायत. एखादं बोट चुकलं तर कार्ड बाहेर पडायच्या आधीच म्हणायची, "गेलं हे."

"कसं कळलं?"

"बटण वेगळं लागलं ना हाताला."

आम्हाला सगळी बटणं सारखीच लागायची.

*

आमचे साहेब कर्णिक. माणूस भला, पण पाट्यांचा भारी शौक. काचेच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती: "चपला-बूट बाहेर काढावेत. खाद्यपदार्थ आणू नयेत. काचेला व यंत्राला हात लावू नये."

विजया म्हणाली, "श्वासाचं लिहायला विसरले वाटतं."

कॉम्प्युटर बिघडला की मुंबईहून बापट यायचे. ते कॉम्प्युटर कंपनीचे इंजिनिअर. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात उशी. एकदा ते दोन-तीन गावं फिरून, स्टेशनवरून थेट कारखान्यात आले. पाटी वाचून बूट काढले आणि आत गेले.

थोड्या वेळात आतून कर्णिकसाहेबांचा आवाज आला, "काहीतरी जळतंय!"

मशीन बंद केलं. फायरचा माणूस वाळूची बादली घेऊन धावत आला. बापटांनी एकेक झाकण उघडून आत नाक घालायला सुरुवात केली. "इथे आहे," म्हणाले. मग पलीकडच्या कपाटापाशी गेले. "इथेही आहे." मग जमिनीवर पालथे पडून वायरी हुंगल्या. "साहेब, जाईन तिथे आहे! सगळी वायरिंग गेलेली दिसतेय!"

कर्णिकसाहेब घामाघूम. नवी वायरिंग म्हणजे महिनाभर कॉम्प्युटर बंद, म्हणजे पगार हाताने करायचे.

शकुताई दाराशी उभी होती. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "बापटसाहेब, जरा बूट घालून बघता का?"

बापटांनी बूट घातले. वायरिंग दुरुस्त झाली.

दुसऱ्या दिवशी पाटीवर खाली एक ओळ वाढली होती: "बापट यांनी काढू नयेत."

*

आता चवीचं. एकदा कार्डं अडकायला लागली. कॉम्प्युटर कार्डं एकापाठोपाठ एक गिळायचा, ती मध्येच दोन-दोन चिकटून जायला लागली. बापट आले. रोज मशीन उघडून पुसायचे, दुपारपर्यंत ठीक चालायचं, जेवणानंतर परत अडकायचं.

तिसऱ्या खेपेला बापटांनी अडकलेलं कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं, बोट फिरवलं. मग शांतपणे कार्डाचा कोपरा चाटला.

आम्ही बघतच राहिलो.

"शेंगदाण्याची चटणी," बापट म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "लसूण जरा जास्त झालाय."

सगळ्यांनी विजयाकडे पाहिलं. पंचरूममध्ये शेंगदाण्याची चटणी एकाच डब्यात असायची. विजया लाल झाली. "मी साबणाने हात धुते! आणि लसूण जास्त नाही, बरोबर आहे!"

बापट म्हणाले, राग मानू नका, पण खात्री करायला पाहिजे. त्यांनी अडकलेली कार्डं बाजूला ठेवली आणि आमच्या तिघींच्या मशीनवरून नुकतीच निघालेली कार्डं एकेक करून तपासली. विजयाच्या मशीनवरची कार्डं स्वच्छ निघाली. माझी स्वच्छ, शकुताईचीही स्वच्छ. अडकलेली सगळी कार्डं, साहेब स्वतः तपासायला घेतात त्या गठ्ठ्यातली होती.

कर्णिकसाहेब काचेतून आत बघत होते.

विजयाला मग उलगडा झाला, की आम्ही हात धुवायला नळावर गेल्यावर तिच्या डब्यातली चटणी इतकी कशी कमी होते. दुसऱ्या दिवसापासून ती एक वेगळी डबी भरून आणायला लागली. साहेबांच्या टेबलावर ठेवायची, शेजारी ओला रुमाल. साहेबांनी डबी परत करताना कधी मान वर केली नाही. पण कार्डं अडकायची थांबली.

*

कॉम्प्युटरच्या खोलीत ताजी हवा घ्यायला भिंतीत एक झरोका होता. तो नेमका कॅन्टीनच्या धुराड्याकडे उघडायचा. बांधणाऱ्याला विचारलं तर म्हणे, नकाशात कॅन्टीन नव्हतंच. त्यामुळे कॉम्प्युटरला आमच्याआधी कळायचं आज भाजी काय आहे. मेथी असेल तर खोलीला मेथीचा वास, सुके बोंबील असतील त्या दिवशी कर्णिकसाहेब आत जायचं टाळायचे.

एके दिवशी करपल्याचा वास आला. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "मामांचं वरण लागलं!"

मामा म्हणजे कॅन्टीनचे मालक. त्यांचं वरण आठवड्यातून एकदा लागायचंच, त्यामुळे कुणी उठलंसुद्धा नाही. वास वाढला तसे कर्णिकसाहेब चिडून कॅन्टीनमध्ये गेले आणि सगळ्यांदेखत मामांना बोलले. मामांना अपमान सहन झाला नाही. त्यांनी एकेका पातेल्यावरचं झाकण काढून साहेबांच्या नाकाशी धरलं.

"हे बघा. हा भात. ही फ्लॉवर. आणि आज वरण नाहीच साहेब, कढी आहे. कढी कधी लागते का?"

कर्णिकसाहेब क्षणभर तसेच उभे राहिले. मग जे धावत सुटले!

तोवर विजेच्या कपाटातून धूर निघायला लागला होता. वेळेवर खटका पाडला म्हणून मशीन वाचलं. बापट येऊन म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर फक्त काच उरली असती.

त्यानंतर साहेबांच्या हुकमाने कॅन्टीनचा रोजचा मेनू कॉम्प्युटरच्या खोलीत, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी लावला जाऊ लागला. खाली सूचना होती: "पिठलं असेल त्या दिवशी दोनदा खात्री करावी."

*

पावसाळ्यात कार्डांना ओल धरायची. हाताला मऊ लागायची, वास कुबट यायचा. अशी फुगलेली कार्डं मशीन घेत नसे. बापटांनी फोनवर सल्ला दिला की कार्डं गार, कोरड्या, बंद खोलीत ठेवा. ती गार खोली एकच होती आणि तिथे कॉम्प्युटर बसला होता.

शकुताई म्हणाली, "ऊन पडलंय. गच्चीवर घालू."

पुढच्या तासाभरात आम्ही तिघींनी गच्चीवर जुनी धोतरं अंथरली आणि त्यावर कार्डं पसरली. कडेने दगड ठेवले. वाऱ्यावर लक्ष ठेवायला विजया काठी घेऊन सावलीत बसली. शकुताई मधूनमधून एकेक कार्ड उचलून गालाला लावायची. पापड सुकला की नाही हे बघतात तसंच. "अजून कच्चं आहे," म्हणून परत ठेवायची. झालं की कानाशी नेऊन हलकेच वाकवायची आणि म्हणायची, "हां, बोललं."

नेमके त्याच दिवशी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले. कर्णिकसाहेब त्यांना कारखाना दाखवत गच्चीवर घेऊन आले. आम्ही उभ्या राहिलो. विजयाच्या हातात काठी तशीच.

"हे काय चाललंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

विजया म्हणाली, "वाळवण घातलंय सर."

"कशाचं?"

"ऑगस्टच्या पगाराचं."

मोठे साहेब कर्णिकसाहेबांकडे बघायला लागले. कर्णिकसाहेबांनी खाली वाकून एक कार्ड उचललं, गालाला लावलं आणि म्हणाले, "दुपारपर्यंत होईल सर."

*

हे तसं हसण्याचं नाही, पण पुढचं कळायला सांगायला हवं. संक्रांतीला आम्ही पंचरूममध्ये हळदीकुंकू करायचो. हिशेबखात्यातल्या, स्टोअरमधल्या बायका यायच्या. पहिल्या वर्षी कुंकवाची कोयरी घेऊन मी शकुताईसमोर आले आणि माझा हात थांबला. लावावं की नाही? तीही थांबली. खोलीतल्या सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या वर्षीपासून तिळगूळ आणि वाण वाटायचं काम शकुताईने स्वतःकडे घेतलं. ताट घेऊन ती सारखी फिरत राहायची, म्हणजे कोयरी तिच्यापर्यंत यायलाच नको. कुणालाच पंचाईत नको. मला तेव्हा फार राग यायचा. तिचा नाही, माझाच, की मी त्या वर्षी सरळ कुंकू लावून मोकळी का झाले नाही.

*

ऐंशी उलटलं आणि कार्डं गेली. नवीन मशीनं आली, ती काचेच्या आत गार खोलीत बसवली, आणि आम्हीही आत गेलो. समोर काचेचा पडदा, त्यावर हिरवे आकडे आणि खाली की-बोर्ड. की-बोर्ड म्हणजे एक सपाट पत्रा, वर प्लास्टिकचं कातडं, त्यावर छापलेले चौकोन. बटण म्हणून वर आलेलं काहीच नाही.

बापट अभिमानाने म्हणाले, "यावर पाणी सांडलं तरी काही होत नाही. चटणीसुद्धा चालेल!"

कर्णिकसाहेब खोकले.

शकुताईने त्यावर बोटं ठेवली आणि उचलली. "हाई काय शे?" घाबरली की ती सटाण्याचं बोलायची. "बटण कुठंय?"

"हे चौकोन म्हणजेच बटणं," बापट म्हणाले.

"दबत नाही."

"दाबायचं नाहीच. नुसतं टेकवायचं. हात दुखणार नाहीत!"

हात दुखले नाहीत, पण बाकी सगळं दुखलं. जुन्या बटणांना खोलगट जागा होती, बोट तिथे आपोआप बसायचं. इथे बोट कधी घसरलं ते कळायचंच नाही. आकडे भरताना मधलं बोट पाचावर ठेवायचं आणि तिथून सगळीकडे जायचं. पाचावरून ते जरा सरकलं की पुढचा प्रत्येक आकडा चूक. मी आणि विजया खाली बघून बघून भरायचो. हळू का होईना, जमायचं. शकुताईला खाली बघायची सवयच नव्हती. खाली बघितलं की कागदावरची ओळ हरवायची, कागदाकडे बघितलं की पाच हरवायचा. तिच्या हातून एका हमालाचा पगार चीफ इंजिनिअरपेक्षा जास्त झाला. हमालाने येऊन आभार मानले.

आणि त्याच सुमारास वरून ऑर्डर आली. शकुताई देवरे यांची परीक्षा घ्यावी. मुंबईहून अधिकारी येतील. परीक्षा नव्या मशीनवर. पास झाल्यास कायम, नापास झाल्यास मुदत वाढणार नाही.

मी आणि विजया तिच्याशी बोलताना सारख्या दुसऱ्याच विषयांवर बोलायला लागलो. शकुताईने घरी पाटावर खडूने चौकोन काढले. मुलगी आकडे वाचायची, ही पाटावर बोटं टेकवायची.

"जमतं का?" मी विचारलं.

"पाटावर कधीच चुकत नाही," ती म्हणाली. "पाट काही बोलतच नाही ना."

*

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. गार हवा बंद. आम्ही घामाने भिजलो. वीज परत आली तेव्हा विजया कपाळ पुसत पुसत कामाला बसली आणि संध्याकाळी तिच्या कामात एकही चूक निघाली नाही. नव्या मशीनवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

कर्णिकसाहेब चौकशीला आले. "आज काय वेगळं केलंत?"

"काही नाही सर. आज बोट पाचावर बरोबर बसत होतं."

साहेबांनी की-बोर्डकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. पाचावर विजयाची मखमली टिकली चिकटलेली होती! विजयाने कपाळाला हात लावला. घामाने कधी पडली ते तिला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विजयाने पाकीटच आणलं. माझ्या पाचावर एक लावली. मग ती शकुताईच्या मशीनकडे वळली. शकुताईने हात मांडीवर घेतले.

"मला नको."

"तुम्हाला कुठे लावतेय?" विजया म्हणाली. "मशीनला लावतेय."

विजयाने टिकली लावली. शकुताईने कागदावर डोळे ठेवले आणि मधलं बोट हळूच खाली नेलं. एकदा घासून बघितलं. मग बाकीची बोटं सुटली ती सुटलीच. जुन्या मशीनवर चालायची तशी.

"हां," ती म्हणाली. "बोललं."

दर सोमवारी विजया टिकल्या बदलायची. कर्णिकसाहेबांनी एकदा जवळ येऊन बोट दाखवलं, "हे काय?"

"पाच, सर."

साहेबांनी बोट टेकवून पाहिलं. पाटी लावली नाही.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुंबईचे अधिकारी आले. त्यांनी टिकल्या पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मशीनवर हा काय बायकी प्रकार? गोंद आत गेला तर?" लगेच स्पिरिट मागवलं. तिन्ही की-बोर्ड त्यांनी आमच्याकडूनच पुसून घेतले. मग फर्मान काढलं. परीक्षेला आत काही आणायचं नाही. पर्स नाही, डबा नाही, पेन नाही, रुमालसुद्धा नाही. खोलीत फक्त उमेदवार, कागद आणि मशीन.

कर्णिकसाहेब म्हणाले, "सर, त्या टिकलीचं एक कारण..."

"कारणं मुंबईत सांगा," अधिकारी म्हणाले.

संध्याकाळी बसस्टॉपवर विजया संतापाने नुसती धुमसत होती. शेवटी तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि शकुताईच्या हातात कोंबलं. "पदराच्या टोकाला लावून न्या. कोण बघतंय?"

"सापडलं तर परीक्षाच जाईल."

"मग काय करणार?"

"बघते," शकुताई म्हणाली. पण पाकीट तिने परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर तिची वाट बघत उभ्या होतो. पंचवटीची बस आली. शकुताई उतरली. साडी नेहमीची, डबा नेहमीचा. कपाळावर मरून रंगाची टिकली होती.

गेटवरचे वॉचमन तिच्या नवऱ्याला ओळखायचे. ते रोज म्हणायचे, "काय वहिनी, बरं आहे ना?" त्या दिवशीही म्हणाले, फक्त जरा उशिरा.

मला राहवेना. चालता चालता विचारलं, "सासूबाईंनी पाहिलं?"

"दारातच बसल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, डबा घेतलास का."

काचेच्या दाराशी शकुताईने चपला काढल्या, डबा विजयाकडे दिला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "बरोबर काही आणलंय?" तिने दोन्ही तळहात उघडून दाखवले. त्यांनी हाताकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं, की-बोर्डवरून स्वतः बोट फिरवलं. चेहऱ्याकडे काही बघितलं नाही.

मी आणि विजया काचेच्या अलीकडे उभ्या होतो.

शकुताई खुर्चीत बसली. तेवढ्यात कर्णिकसाहेबांना एकदम काहीतरी आठवलं. ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "सर, तो हवेचा झरोका बघून घेता का? कॅन्टीनची फार जुनी तक्रार आहे." अधिकारी पाठमोरे झाले. शकुताईने कपाळावरची टिकली काढली आणि पाचावर लावली. मग हात त्यावर झाकून, शांतपणे वाट बघत बसली.

परीक्षा सुरू झाली. तिने एकदाही खाली बघितलं नाही. काचेतून आवाज येत नव्हता, पण बोटं दिसत होती. विजयाने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर वळ उठले.

संपल्यावर तिने हात होता तिथेच ठेवला. अधिकाऱ्यांनी पडद्यावरचे आकडे कागदाशी ताडून पाहिले. एकदा पाहिले, परत पाहिले. मग कर्णिकसाहेबांना म्हणाले, "एकही चूक नाही. कायम करा यांना." आणि मेनूच्या शेजारी उभे राहून, जेवायला काय आहे ते वाचायला लागले.

कर्णिकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

शकुताई उठली. नखाने टिकली पाचावरून सोडवली आणि बोटाच्या टोकावर घेऊन दारापाशी आली. दाराशी कचऱ्याची टोपली होती. ती टोपलीपाशी थांबली, आणि मग काचेकडे वळली. काचेत तिला तिचा चेहरा दिसत असणार. आम्हाला काचेपलीकडे ती दिसत होती.

तिने टिकली कपाळावर लावली. थोडी खाली लागली.

विजयाने पाटीच्या बरोबर खाली काचेवर बोट टेकवलं आणि दाखवलं, जरा वर.

शकुताईने ती जरा वर सरकवली.